व्यायामशाळेआधी वस्तीला विचारावे

वडोदऱ्याच्या प्रत्येक प्रभागात खुली व्यायामशाळा उभारावी, या सूचनेमागची तळमळ पटते. पण सुरुवात त्या वस्तीतल्या लोकांना विचारून व्हावी, असे मला मनापासून वाटते. इंग्लंडमध्ये २०१७ साली 'स्पोर्ट इंग्लंड' या खेळ-व्यायामाला चालना देणाऱ्या सार्वजनिक संस्थेने निवडलेल्या १२ ठिकाणी हाच मार्ग धरला गेला; त्यांपैकी ग्रेटर मँचेस्टरमध्ये तर १० स्थानिक प्रशासनांचा परिसर एकत्र विचारात घेतला गेला. आपल्याकडे दांडिया बाजारातले, प्राध्यापक माणिकरावांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर परिसराशी जोडलेल्या व्यायामाचे जुने उदाहरण आहेच. मात्र शहरातल्या कमाटीबागेत पहाटे दिसतात ते बहुधा आधीपासूनच फिरणारे लोक; जुन्या शहरातल्या मांडवीच्या गल्ल्यांतल्या, घरकाम आटोपून दुपारीच मोकळ्या होणाऱ्या बायकांना सावली, बसायला बाक आणि सोबत लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. ती मिनिटे या बायकांच्या दिवसात कुठे बसतील, हे महापालिकेपेक्षा त्या स्वतः आणि तिथली महिला मंडळेच नेमके सांगू शकतील. म्हणून पहिली बैठक मांडवीतच, दुपारी, त्यांच्या सोयीने घ्यावी.