कंपासपेटी परत द्यावी का? (लांब आहे, पण वाचा)

पाटोदेकर८२

नमस्कार मंडळी. तीनचार वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. आयडी मुद्दाम नवीन काढलाय कारण जुना मेव्हण्याला माहितीय.

मी बीड जिल्ह्यातला, पाटोदा तालुका. आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणजे आम्ही सगळेच जायचो, घरी फक्त आजी आणि तिची एक शेळी. दसरा झाला की मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटून मोकळा, मग बैल, गाडी, पीठ, कोंबड्या, पोरं सगळं ट्रकात घालून सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिकडेच. गाडीवाल्यांचा अड्डा कारखान्याला लागूनच असायचा, आमच्या कोपीपासून (ऊसतोड्यांची झोपडी) स्टाफ कॉलनीची भिंत शंभरेक पावलं. भिंतीपलीकडे शेतकी खात्यातल्या एका साहेबांचं क्वार्टर, आणि त्यांची मुलगी. नाव लिहीत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला ना, १९९३, त्या सीझनला मी सहावीत होतो. आमच्या कारखान्यावर तेव्हा साखरशाळा (ऊसतोड्यांच्या पोरांची शाळा) नव्हती, पण कॉलनीतल्या शाळेत एक गुरुजी फार चांगले होते, म्हणाले हजेरीत नाव घालता येणार नाही पण येऊन बस. मग ज्या दिवशी धाकट्या बहिणीला सांभाळायचं नसेल आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायला जायचं नसेल त्या दिवशी जायचो, म्हणजे आठवड्यातून दोनदा धरा. ती पहिल्या बाकावर, मी मागच्या भिंतीला टेकून खाली. बाकीची पोरं 'ए कोपीवाल्या' म्हणायची. ती काहीच म्हणायची नाही. आज विचार केला तर काहीच म्हणायची नाही याचा अर्थ फक्त काहीच म्हणायची नाही एवढाच आहे, पण तेव्हा मला ते लई मोठं वाटलं होतं.

एकदा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला म्हणाली की आमच्याकडे एवढा ऊस येतो पण खायला कोण देतच नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी आप्पांच्या (वडलांच्या) गाडीतून ६७१ चा एक ऊस काढून ठेवायचो (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही जात भयंकर गोड), कोयत्यानं सोलायचा, बुडख्याकडची कांडी तिच्यासाठी भिंतीवर ठेवायची आणि शेंड्याकडचं पाणचट मी खायचं. तीन सीझन. ती कांडी रोज गायब व्हायची. कोण न्यायचं हे मी कधी लपून बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती म्हणा.

मग संक्रांतीला ती आईबरोबर अड्ड्यावर आली, तिळगूळ दिला आणि माझ्या हातात एक कंपासपेटी दिली. पिवळी, पत्र्याची, आत अर्धा खोडरबर, एक गुण्या, एक कर्कटक, आणि झाकणाच्या आतून कर्कटकानं कोरलेलं तिचं नाव. बास. पुढच्या वर्षी ती शिकायला कोल्हापूरला गेली. त्यानंतर मी तेरा हंगाम त्या भिंतीकडे बघत काढले, आधी वडलांचा पोरगा म्हणून आणि नंतर लग्न झाल्यावर अर्धा कोयता म्हणून (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता). हंगाम सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, आता बीडला एका ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहे. भाऊ अजून जातो, २०२४ ला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तरी त्याची उचल काय फिटत नाही, तो वेगळा विषय.

आता मुद्दा. यंदा मुलाला तिकडेच इंजिनियरिंगला ॲडमिशन मिळाली. कागदपत्रं तपासायच्या टेबलावर ज्या मॅडम होत्या त्या तीच. आडनाव बदललंय पण पाटीवर मधलं नाव वडलांचंच ठेवलंय, आणि तसंही मी ओळखलंच असतं. मी म्हणालो मॅडम तुम्ही अमुक कारखान्याच्या कॉलनीत होता ना, मी यायचो तिकडे. त्या एकदम खूष, म्हणाल्या हो? कुठल्या क्वार्टरला? म्हटलं नाही, अड्ड्यावर. त्यांचा चेहरा अजिबात पडला नाही, हे मुद्दाम सांगतो, उलट आणखी प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, अगंबाई, कोप्यांवर का! आई दर संक्रांतीला आमचं जुनं सामान तिकडच्या मुलांना वाटायला लावायची, माझ्याच हातून, म्हणायची मुलांना सवय लागली पाहिजे. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या वडलांचं नाव काढ.

एसटीत बसल्यावर मला रडू आलं, मुलाला वाटलं ॲडमिशनचं.

पेटी अजून आहे माझ्याकडे. आता चार वर्षं मुलगा त्यांच्या हाताखाली असणार, जाणंयेणं होणार. वाटतंय की एकदा नेऊन द्यावी आणि सांगून टाकावं की बाई असं असं होतं, मला काही नको, फक्त माहीत असावं. की नको? बायकोला यातलं काहीच माहीत नाही.

झणझणीत_मिसळ

नका देऊ. मुलाचे इंटर्नल मार्क त्यांच्या हातात आहेत, विषय संपला.

कॉलनीतलीच_एक

मी पण साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढले, जिल्हा वेगळा, बाबा लॅबमध्ये केमिस्ट होते. तुमचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही म्हणून आज लिहितेय.

आम्हाला अड्ड्याकडे जायला बंदी होती. संध्याकाळी गच्चीवरून कोप्यांपुढच्या चुली दिसायच्या, शेदोनशे तरी असतील, आम्हाला ते दिवाळीसारखं वाटायचं आणि आई म्हणायची खिडकी लाव, धूर येतो. चिमणीची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही हं, ती आपल्या कारखान्याची. माझ्याएवढी एक मुलगी आमच्या नळावर पाणी भरायला यायची. मी तिला माझा एक फ्रॉक दिला होता, आणि मग ती तो घालून आली तेव्हा मैत्रिणी हसल्या आणि मी पण हसले. तिनं पुन्हा तो घातला नाही. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

तुमच्या मॅडमना तुम्ही आठवत नाही यात त्यांचा दुष्टपणा नाही. आमच्यासाठी तुम्ही सगळे मिळून 'कोपीवाले' होता, दरवर्षी तीच माणसं येतात की दुसरी एवढंसुद्धा आम्हाला माहीत नसायचं. लिहिताना लाज वाटतेय.

आणि पेटीवर नाव कोरलेलं होतं हे वाचून आधी मला वाटलं की अरे, मग ती मुद्दाम दिली असेल. मग आठवलं की आम्ही सगळ्याच वस्तूंवर नाव कोरायचो. चोरीला जाऊ नये म्हणून.

पाटोदेकर८२

ताई, शेवटचं नसतं लिहिलं तरी चाललं असतं :)

पण बरोबर आहे तुमचं. आणि त्या फ्रॉकवालीचं सांगू का, तिला हसण्याचं तेवढं वाईट वाटलं नसेल, आम्हाला सवय असते. फ्रॉक तिनं बहुतेक गावाकडे घालायला राखून ठेवला असेल, आमच्याकडे चांगला कपडा तसाच ठेवतात.

अण्णा_कराडकर

दादा, भावना पोचल्या, पण गरीब-श्रीमंत कशाला म्हणताय. ती ओळखीची असती, तुम्ही साहेबाचे चिरंजीव असता, तरी आडनाव विचारल्यावर सहावीतच निकाल लागला असता. आमच्याकडे बागायतदाराच्या पोरीचं केमिस्टच्या पोराशी जमलं होतं, दोघांकडे फ्रीज होता, काय उपयोग झाला. ऊस सगळ्यांचा गोड लागतो, पोरगा नाही.

झणझणीत_मिसळ

अण्णा, त्यांनी कुठे गरीब-श्रीमंत म्हटलंय? नीट वाचा. शब्द तुमचाच आहे.

पर्वती_पायथा

मी सांगून बघितलंय, म्हणून लिहिते.

आई पुण्यात धुणीभांडी करायची, सदाशिव पेठेत चार घरं. शाळा सुटली की मी शेवटच्या घराच्या जिन्यात बसून अभ्यास करायची, आणि त्या घरातला मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, येताजाता गणितं सांगायचा. नववीपासून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षापर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तो अमेरिकेला निघाला त्याच्या आदल्या आठवड्यात मी सांगून टाकलं. चांगला मुलगा हो, हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, "अगं, तू तर आमच्या घरातलीच आहेस." घरातलीच! आईचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत उपडा घातलेला असायचा, आणि मी घरातली.

मला वाटलं आता आईचं काम जाणार. गेलं नाही. पुढच्या महिन्यात काकूंनी पगार पन्नास रुपयांनी वाढवला. आई खूष, तिला कारण माहीत नव्हतं, आणि मला मात्र ते पन्नास रुपये दर महिन्याला बघायला लागायचे. काम गेलं असतं तर निदान भांडले तरी असते.

तुम्ही म्हणता काही नको, फक्त त्यांना माहीत असावं. दादा, माहीत झालं की त्या काहीतरी देणार. देण्याची सवयच आहे त्यांना, आईनं लावलेली. मुलाची फी भरते म्हणतील, नाहीतर जुना लॅपटॉप. तेव्हा तुम्ही काय करणार?

पाटोदेकर८२

पर्वती ताई, हे वाचून मोबाईल खाली ठेवला आणि बाहेर जाऊन आलो. लॅपटॉपचं बरोबर बोललात, मुलाकडे नाहीये खरंच.

सदू_सातारकर

मला सगळ्यांचं जरा अतीच वाटतंय. पोरवयात प्रेम झालं, झालं. समोरच्याला कळलं नाही म्हणून ते खोटं होतं का? तीन सीझन बुडख्याची कांडी दुसऱ्याला देऊन शेंडा खाल्ला माणसानं, एवढं तर मी लग्नानंतर बायकोसाठी केलं नाही. मॅडमना सांगू नका, ते ठीकच, पण ज्या बाईनं तुमच्याबरोबर मोळ्या बांधल्या तिला सांगा की. ती पहिली हक्काची आहे हे ऐकायला. आणि पेटी लपवून ठेवली असेल तर आज ना उद्या सापडणारच, मग बसा समजावत.

पाटोदेकर८२

मंडळी, अपडेट. धागा वर काढतोय त्याबद्दल सॉरी.

काल रात्री बायकोला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे हे सगळं इथलं वाचूनच दाखवलं, तोंडी जमलं नसतं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. मॅडम कशा दिसतात, गोऱ्या आहेत का, एवढं एकदा विचारलं. मग म्हणाली पेटी आणा. मी कपाटाच्या वरून काढून दिली. तिनं उघडली, तो अर्धा खोडरबर नाकाशी धरला, नाव वाचलं, आणि म्हणाली, "पोराला द्या की. कर्कटक चांगलंय आजून." म्हटलं अगं, त्यांचं नाव आहे आत, वर्गात त्यांनीच बघितलं तर? तर म्हणे मग बघू दे, चोरलेली थोडीच हाय.

इथपर्यंत ठीक होतं. मला हलकं वाटलं, म्हटलं सदूभाऊंचं ऐकलं ते बरं केलं.

मग लाईट बंद केल्यावर ती अंधारात म्हणाली, मलापण एक सांगायचंय. लग्नाच्या आधी ती आईवडलांबरोबर सोलापूरकडे एका कारखान्यावर जायची, तेव्हा तिथे एक चिटबॉय होता, राजदूतवर यायचा, बारावी झालेला, फडात गाडी भरली की चिठ्ठी लिहून द्यायचा. चिठ्ठीवर नाव गाडीवानाचं लिहितात, म्हणजे हिच्या बापाचं. तर एकदा त्यानं वर बापाचं नाव लिहिलं आणि मागच्या बाजूला हिचं. नुसतं नाव. काही बोलला नाही, पुढच्या गाडीकडे गेला. कारखान्यावर काट्यावर चिठ्ठी द्यावीच लागते, तर हिनं ती दिलीच नाही, हरवली म्हणून सांगितलं, बापानं बदडलं, आणि एक खेप बिनमोजणीची गेली.

मी विचारलं मग ती चिठ्ठी कुठे आहे. म्हणाली झोपा आता.

बावीस वर्षं झाली लग्नाला. तिच्या माहेरची पत्र्याची पेटी आमच्या पलंगाखाली आहे, कुलूप लावलेली, त्यात तिची लग्नातली साडी आहे एवढंच मला माहीत होतं. आता त्या पेटीवरच झोपतोय आणि झोप लागत नाहीये. पहाटेचे साडेतीन वाजलेत. चिठ्ठी दाखव म्हणून मागावी का?

झणझणीत_मिसळ

नवीन धागा काढा.