'श्रद्धेचा ठेवा' की 'श्रद्धेची ठेव'?

प्रश्न

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराच्या, तयारीतल्या मुलांसाठी धर्मशिक्षणाची टिपणं मराठीत लिहितोय. 'प्रेषितांकडून आपल्याला श्रद्धेचा वारसा मिळाला' या वाक्यावर अडलोय. कोणी 'ठेवा' सुचवतं, कोणी 'ठेव', कोणी 'परंपरा'. यांत नेमका शब्द कोणता? शिवाय प्रेषित आणि शिष्य यांत फरक काय, असं मुलं विचारतात.

प्रतिसाद

आधी प्रेषित. मूळ ग्रीक शब्द 'अपोस्तोलोस', म्हणजे पाठवलेला. आपला 'प्रेषित'ही प्र + इष् वरून आला आहे आणि त्याचाही अर्थ पाठवलेला. इतकी चपखल जोडी क्वचित जमते. घोटाळा एवढाच की मराठीत इस्लामविषयी लिहिताना पैगंबरांनाही प्रेषित म्हणतात. ख्रिस्ती मराठीत जुन्या करारातले यशया, यिर्मया वगैरे 'संदेष्टे', देवाचा संदेश सांगणारे. 'प्रेषित' हा शब्द मुख्यतः येशूच्या बारा जणांसाठी आणि पौलासाठी वापरतात.

शिष्य पुष्कळ होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू त्यांतून बारा निवडतो आणि त्यांना प्रेषित हे नाव देतो. शिष्य शिकायला येतो, प्रेषिताला पाठवलं जातं. मुलांना हे लगेच कळतं.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थिया निवडला गेला, तो प्रसंगही टिपणात जरूर घ्या. बारांपैकी पेत्राने तिथे अट घातली आहे: बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या काळापासून येशू स्वर्गात घेतला जाईपर्यंत जो सतत सोबत होता, त्यालाच पुनरुत्थानाचा साक्षी म्हणून घ्यायचं. पुढे हेरोद राजाने बारांपैकी याकोबाचा तलवारीने वध केला, तेव्हा मात्र त्याच्या जागी कोणाला नेमल्याचा उल्लेख नाही. डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून बिशपांना प्रेषितांचे उत्तराधिकारी म्हणतात, प्रेषित म्हणत नाहीत. टिपणात हा भेद सांभाळा.

प्रतिसाद

माझं मत 'ठेव'. 'वारसा' मला खटकतो. वारसा मिळाला की तो माझा झाला. विकेन, वाटेन, मोडेन. 'ठेवा' म्हणजे जपून ठेवलेलं धन, पण कोणी दिलं आणि कशासाठी दिलं ते त्या शब्दात येत नाही. 'ठेव' म्हटलं की ठेवणारा आला आणि सांभाळणाराही आला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस पौल नेमकं हेच सांगतो: तुझ्याकडे सोपवलेली ठेव सांभाळ. तिथला ग्रीक शब्द 'पाराथेके' विश्वासाने सांभाळायला दिलेल्या वस्तूसाठीच वापरायचे. रोमन कायद्यातही ठेव घेणाऱ्याला ती वापरायची मुभा नव्हती. होती तशी परत द्यायची.

प्रतिसाद

पण 'ठेव' म्हणताच मुलांना बँकेतली मुदत ठेव आठवणार आणि मग व्याजाचा प्रश्न येणार!

प्रतिसाद

येऊ द्या, चांगला प्रश्न आहे तो. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज जाहीर केला. पवित्र शास्त्र आणि पवित्र परंपरा मिळून एकच ठेव होते, असं त्यात म्हटलं आहे. प्रेषितांकडून आलेल्या गोष्टींची समज पवित्र आत्म्याच्या साहाय्याने वाढत जाते, असंही म्हटलं आहे. वाढते ती समज. ठेवीत नवी भर पडत नाही.

ही ठेव माणसामाणसांतून कशी आली, ते इरेनियसच्या पत्रात दिसतं. हा दुसऱ्या शतकातला, पुढे लियोंचा बिशप झाला. लहानपणी आशिया मायनरमधल्या स्मुर्णा शहरात त्याने तिथला बिशप पॉलिकार्प याला ऐकलं होतं आणि पॉलिकार्पने प्रेषित योहानाला. म्हातारपणी तो जुन्या सोबत्याला लिहितो की पॉलिकार्प बसून बोलत असे ती जागा, त्याचं येणंजाणं, त्याची चेहरेपट्टी, योहानाच्या तो सांगत असे त्या आठवणी, सगळं मला लख्ख आठवतं. ते मी कागदावर नाही, काळजात उतरवून घेतलं. मुलांना व्याख्या देण्याआधी हे वाचून दाखवा.

प्रतिसाद

'परंपरा' टाकू नका. आज तिचा अर्थ रीतिरिवाज एवढा आकसला असला तरी मुळात 'एकाकडून पुढच्याकडे' हाच आहे. लॅटिन 'त्रादितिओ'ची फोड मात्र 'पलीकडे देणे' अशी होते. तिला सर्वांत जवळचा आपला शब्द 'संप्रदाय': सम् + प्र + दा, नीट हाती देणे. शाळेत चतुर्थीचा कारकार्थ 'संप्रदान' शिकलो, तोच हा धातू. पण आता संप्रदाय म्हणजे पंथ झाला, म्हणून इथे चालणार नाही.

क्रियापदासाठी 'सोपवणे' घ्या. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो, प्रभूकडून मला मिळालं ते मी तुम्हांला सोपवलं. आणि त्याच वाक्यात पुढे येतं, ज्या रात्री प्रभूला धरून दिलं. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, 'पारादिदोमि'. मराठीत दोन वेगळी क्रियापदं घ्यावी लागतात, पण वर्गात हे सांगाच. ज्या रात्री शिष्याने गुरूला शत्रूच्या हाती दिलं, त्याच रात्री गुरूने स्वतःला भाकरीतून शिष्यांच्या हाती दिलं. मला हे वाक्य दरवेळी थांबवतं.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वाक्य असं करतो: 'प्रेषितांनी पाहिलं-ऐकलं ते पुढच्यांच्या हाती सोपवलं, तीच श्रद्धेची ठेव.' एक विचारायचं राहिलं. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) तयारीत उमेदवारांना मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची थोडक्यात कबुली, 'देतात' आणि ते तो 'परत करतात', त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद

चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल उमेदवारांना बजावत असे की मतांगीकार कागदावर लिहू नका, मनावर कोरा. पाठ झाला की तो बिशपांसमोर म्हणायचा. आपल्याकडे पाठांतर घेणाऱ्याला आपण जे करून दाखवतो तेच हे: 'म्हणून दाखवणे'. देण्यासाठी 'मतांगीकार सोपवणे' आणि परत करण्यासाठी 'मतांगीकार म्हणून दाखवणे' लिहा, नवा शब्द पाडायची गरज नाही.