प्रतिसाद: सरासरी ३०.२ आली म्हणून एम२५ नापास?

तुम्ही विचारलंय की एम२५ (२८ दिवसांना २५ न्यूटन/चौ. मिमी ताकदीचं) काँक्रीट नापास झालं का. तुमचे दाबून फोडलेले सहा चाचणी-ठोकळे म्हणजे क्यूब, त्यांची सरासरी ताकद ३०.२, प्रमाण विचलन २.८, आणि मिश्रणाची लक्ष्य सरासरी ३१.६ (२५ + १.६५ × ४; हे ४ म्हणजे एम२५ साठी गृहीत धरलेलं विचलन). वर कुणीतरी सरळ 'नापास' म्हणून मोकळं झालंय. एवढी घाई नको.

टी (लक्ष्यापासूनचा फरक भागिले सरासरीची प्रमाण त्रुटी) काढला तर उणे १.४ भागिले (२.८/√६), म्हणजे साधारण उणे १.२२. पाच स्वातंत्र्यमात्रांना (नमुन्यांची संख्या वजा एक), एकतर्फी ५ टक्क्यांची सीमा उणे २.०१५. म्हणजे 'सरासरी ३१.६ आहे' हे गृहीतक नाकारता येत नाही. पण म्हणून ते सिद्ध झालं असंही नाही. सहा क्यूबांत दीड-दोन न्यूटन/चौ. मिमीचा फरक सहज लपतो.

खरी गोम वेगळीच आहे. तीन-तीन क्यूब एकाच घाण्यातले (एका वेळी कालवलेल्या काँक्रीटचे) आहेत असं तुम्हीच लिहिलंय. एका घाण्याचे तिन्ही क्यूब सख्खी भावंडं, त्यांची सरासरी म्हणजे एकच निकाल. मग तुमचा एन (नमुन्यांची संख्या) सहा नाही, दोन! एका स्वातंत्र्यमात्रेला सीमा उणे ६.३१४ वर जाते, तिथे चाचणी जवळपास आंधळी.

आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) चार सलग निकालांची सरासरी बघतं, त्यात २५ च्या वर मागितलेला ०.८२५ × विचलन हा आकडा मला फार आवडतो. लक्ष्य १.६५ विचलनं वर, चार निकालांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी विचलनाच्या निम्मी, १.६५ मधून १.६५/२ (एकतर्फी ५ टक्क्यांची सूट) वजा केले की उरतात ०.८२५. गृहीतक चाचणीच आहे ती, फक्त तसं म्हटलेलं नाही.

आणखी दोन घाण्यांचे २८ दिवसांचे निकाल येऊ द्या, मग कंत्राटदाराशी भांडा.