मदत हवी आहे: पेशंटसाठी नाम घेत शिवलेल्या गोधड्या कशा द्याव्यात?

नौपाड्याची_शुभा

नमस्कार, ठाण्यात नौपाड्यात राहते. आमचं बायकांचं छोटं भजनी मंडळ आहे, त्यातल्या बऱ्याच जणींना आता गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही पण हात व्यवस्थित चालतात, म्हणून दुपारी एकीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही गोधड्या शिवायला लागलो. विकायला नाही, कुणाच्या घरी आजारपण आलं की त्या माणसासाठी. सुरुवातीला त्याचं नाव सगळ्यांनी घ्यायचं आणि मग एक टाका एक नाम, कुणी श्रीराम म्हणतं कुणी विठ्ठल, तलावपाळीच्या चर्चला जाणाऱ्या एक मावशी आहेत त्या रोझरी म्हणत शिवतात. मला स्वतःला माळ घेऊन बसणं कधी जमलं नाही, मन भटकतं, पण धावदोरा घालताना जप होतो, कारण नजर सुईच्या टोकावर ठेवावीच लागते नाहीतर बोटात घुसते. जनाबाईची वाकळ पांघरून विठोबा देवळात गेला आणि शेला तिच्याकडेच राहिला, ही गोष्ट आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी ऐकतो.

आतापर्यंत ओळखीतच दिल्या त्यामुळे प्रश्न आले नाहीत. आता खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक हे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, तिथे कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी बाहेरगावाहून आलेल्यांना द्यायच्या असं मनात आहे. लोक पार बिहार बंगालहून येतात, भाड्याच्या खोलीत राहतात, सोबत एखादी बॅग. ठाणे-पनवेल लोकल थेट खारघरला जाते त्यामुळे पोचवायचं टेन्शन नाही, अडलंय दुसरीकडेच.

एक तर समोरच्याला सांगायचं का, की हिच्यात नाम घेतलंय? तो मुस्लिम असेल, बौद्ध असेल, नाहीतर या सगळ्या भोगात देवावरचा विश्वासच उडालेला असेल. काही जणी म्हणतात न सांगता द्या, प्रार्थना काय सांगून करायची असते का. मला ते पटत नाही. रात्रभर ज्याच्या अंगावर ती असणार त्याला माहीत हवं, पण सांगायचं कसं की त्याला ओझं वाटू नये?

दुसरं म्हणजे एका काकूंनी त्यांच्या गेलेल्या आईची लुगडी दिलीत, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. घरातल्या माणसाला अशा गोधडीसारखी दुसरी माया नाही, पण परक्या आजारी माणसाच्या घरच्यांना ते अशुभ वाटलं तर? काकूंना नाही म्हणायला जीभ रेटत नाही, त्यांनी ती ट्रंकेतून आमच्यासाठी म्हणूनच काढलीत.

आणि तिसरं अगदी व्यवहाराचं, थर किती, धुवायचं कसं, पेशंटला काय चालतं. हॉस्पिटलमध्ये काम करणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.

ऐरोलीची_सिस्टर

शुभाताई, कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं ड्युटी केलीये म्हणून लिहिते. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, इन्फेक्शन पटकन होतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा पेशंट तर आयसोलेशनमध्ये असतो, तिथे बाहेरची गोधडी नाहीच, हट्ट करू नका. खोलीवर राहणाऱ्यांना द्या, आणि सोबत आलेल्या नातेवाइकालाही द्या, तो कुठेतरी जमिनीवर झोपत असतो आणि त्याची कुणी चौकशी करत नाही. आधी तिथल्या सोशल वर्करला भेटा, कुणाला गरज आहे आणि कुणाला डॉक्टरांनी नाही म्हटलंय हे त्यांच्याकडून कळेल.

जाड गोधडी करू नका. थर वाढले की ती आतून वाळत नाही, आपल्याकडच्या पावसात तर नाहीच, मग आत बुरशी धरते आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याच्या फुप्फुसाला बुरशी फार वाईट. जुन्या गादीतला कापूस अजिबात नको. नुसते सुती कापडाचे थर, गरम पाण्यात, साठ डिग्रीला धुता येतील असे, आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायचे. ट्रंकेतली लुगडी आहेत म्हणालात, डांबरगोळ्यांचा वास पूर्ण गेल्याशिवाय शिवायला घेऊ नका, केमो चालू असताना साध्या वासानेही मळमळतं. शेजारी उदबत्तीही नको, कितीही श्रद्धेने लावली तरी.

सुईदोरा_कळवा

थरांचा हिशोब सोपा आहे. साडेपाच मीटरची साडी म्हणजे अठरा फूट, सहा फुटाचे तीन तुकडे केले की एका साडीत तीन थर होतात, रुंदी पावणेचार फूट मिळते, एका माणसाला पुरे. काठ नि जर काढून टाका, टोचते. दोरा सुतीच घ्या, पॉलिएस्टरचा दोरा मऊ झालेल्या जुन्या कापडाला हळूहळू कापू शकतो असं म्हणतात. आधी मधून कडेकडे कच्चे टाके घालून घ्या म्हणजे चुण्या पडत नाहीत, आणि गाठ वर ठेवू नका, ओढून थरांच्या आत घ्या, केमोत कातडी इतकी नाजूक होते की गाठ रुतते. लाल, जांभळा असले रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्याला लागला तर ते कापड घेऊच नका.

लुगड्यांचं म्हणाल तर मी काकूंना सरळ म्हणेन, आईची गोधडी तुमच्या घरात राहू दे, आपण सगळ्या मिळून ती शिवू. आजाऱ्याच्या घरी भीती आधीच असते, तिच्यात आपण भर कशाला घालायची.

नेरूळकर

मला लुगड्यांचं पटलं नाही, विचारून दिली तर कुणाला आवडूही शकेल. पण विचारण्यावरून आठवलं, माझी बहीण अमेरिकेत असते, तिकडच्या चर्चमधून प्रेयर क्विल्ट, म्हणजे प्रार्थनेच्या गोधड्या करतात, १९९२ साली सॅन डिएगोच्या एका चर्चमधल्या बायकांनी ते सुरू केलं. वर दोऱ्याची टोकं मोकळी सोडतात, येणारा जाणारा त्याची गाठ मारतो आणि त्या माणसासाठी प्रार्थना करतो. विकायची नाही आणि ज्याला द्यायची त्याने हो म्हटल्याशिवाय द्यायची नाही, असं त्यांचं आहे. मग तुम्हीही आधीच विचारा ना, "तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हणाला तर नाव विचारा आणि शिवा. नको म्हणाला तर साधी गोधडी द्या, तितक्याच प्रेमाने. वडिलांच्या आजारपणात शेजारच्या चाचींनी मला विचारून दुआ केली होती, तो प्रश्न विचारला हेच मला फार मोठं वाटलं होतं.

नौपाड्याची_शुभा

सिस्टर, मनापासून आभार, ट्रान्सप्लांटचं आणि बुरशीचं आम्हाला कुणालाच सुचलं नसतं. तीनच थर करतो. नेरूळकरदादा, विचारून शिवायची हे मंडळातही सगळ्यांना पटलं, ज्या न सांगता द्या म्हणत होत्या त्यांनाही, कारण नाव कळलं की नाम घ्यायला धीर येतो असं त्यांचंच म्हणणं पडलं. लुगड्यांचं काकूंशीच बोलले, त्या म्हणाल्या एक नातीसाठी ठेवते, बाकीची ज्याला सांगून चालतील त्याला द्या, नाही चालली तर परत आणा, मी रागावणार नाही.

आता शेवटची मदत. सोशल वर्करकडे द्यायला एक चिठ्ठी करतोय, गोधडी कुणी शिवली, प्रार्थना चालेल का, प्रार्थनेत नाव कोणतं घेऊ, आणि धुवायची कशी, एवढंच. मराठी हिंदी आम्ही लिहू. बंगालीत लिहून देणारं कुणी आहे का इथे? अक्षर मोठं हवं, रात्रीच्या कमी उजेडातही वाचता येईल असं.