‘रंग जातो’ म्हणजे फेड की ब्लीड? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांपायी डोकं शिणवावं का?

ताणाबाणा:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका छोट्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो. परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं देणं माझ्याकडेच. मागच्या हिवाळ्यात एकाने लिहिलं, तुमचा मरून टॉवेल ‘ब्लीड’ होतोय. मी मनातल्या मनात मराठी केलं, रंग जातोय. मग त्या मराठीचं परत इंग्रजी करून उत्तर ठोकलं, ‘पहिल्या दोन धुण्यांत थोडा फेड होणारच, नॉर्मल आहे.’

तिथेच घोळ झाला. फेड म्हणजे कापड स्वतः फिकं पडणं. ब्लीड म्हणजे रंग सुटून शेजारच्या कपड्याला लागणं. त्या माणसाचे पांढरे कपडे गुलाबी झाले होते आणि मी त्याला सांगत होतो, असं होतंच.

खरी लाज पुढे वाटली. लॅबच्या रिपोर्टात या दोन गोष्टींना दोन वेगळे आकडे असतात. एक कापडाचा स्वतःचा रंग किती बदलला त्याचा, दुसरा जोडून धुतलेल्या पांढऱ्या कापडाला किती डाग लागला त्याचा. ज्यांच्याशी कापड ताडून आकडा देतात त्या राखाडी पट्ट्याही दोन्हींसाठी वेगळ्या, 1 ते 5, त्यात 5 उत्तम. वर्षभर मी ते रिपोर्ट फाईलला लावत होतो आणि दोन्ही आकड्यांना ‘रंगाचे मार्क’ म्हणत होतो!

कारणंही सहसा वेगळी. रिअ‍ॅक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड होणाऱ्या) रंगात सुताला न चिकटलेला रंग गरम साबणपाण्यात नीट धुऊन काढला नाही, की तो नंतर गिऱ्हाइकाच्या बादलीत सुटतो. फिकं पडण्यामागे बऱ्याचदा ऊन असतं. म्हणजे शब्द चुकला की दोष भलत्याच माणसाच्या दारात जातो.

माझं म्हणणं, शाळेत समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात तेच मूळ दुखणं आहे. दोन शब्दांत फरक काय, हे कुणी शिकवतच नाही.

नवीपेठवाला:
काय बे, एका मेलवरून शाळेला कशाला धरतोस? तीस वर्षं दुकान चालवतोय, इंग्रजी माझं यथातथाच. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच, फोटो पाठव. माल देण्याआधी सँपल. शब्दावर धंदा केला की बुडालास.

आणि तू ज्यांचे फरक पाठ करायला निघालायस, त्यांचं तरी आपसात कुठे जुळतंय? इंग्लंडमध्ये मसलिन म्हणजे पातळ, हवा खेळेल असं कापड. अमेरिकेत साध्या कोऱ्या सुती कापडाला मसलिन म्हणतात, शिंपी अंदाजासाठी कापून बघतात ते. कॅलिको इंग्लंडमध्ये कोरं, अमेरिकेत बारीक फुलांचं छापील. हे नाव तर आपल्या कालिकतवरून गेलेलं, आणि त्याचा अर्थ आपण त्यांना विचारायचा? हातात चिंधी घे, बोटांनी चोळून बघ. डिक्शनरी लागत नाही.

शिकवणीबाई:
मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. धागाकर्त्याचं निदान बरोबर वाटतं, पण औषध नाही. फरकाची यादी ही शेवटी आणखी एक यादीच, तीही मुलं पाठच करतात. गाइडमध्ये असतं, ‘रिफ्यूज: नाकारणे, डिनाय: नाकारणे’. मग मुलगा लिहितो की चोराने चोरी रिफ्यूज केली. त्याला व्याख्या दिली तर आठवडाभर टिकते. मी विचारते, चहा नको म्हणालास तेव्हा काय केलंस? रिफ्यूज. काच तू फोडलीस का, तर ‘मी नाही’ म्हणालास तेव्हा? डिनाय. हे विसरत नाहीत. शब्द कोणाच्या सोबतीने येतो ते बघायचं. तुम्हाला ब्लीड कळला तो पांढरे कपडे गुलाबी झाले म्हणून, व्याख्या वाचून नव्हे.

वाकळ:
मला या सगळ्यात राग आमच्याच मराठीचा येतोय. ‘रंग जातो’ हा आळशीपणा आहे. आजी म्हणायची, लुगडं विटलं. आणि वेगळं भिजव, रंग सुटतोय. विटणं आणि सुटणं. फेड आणि ब्लीड घरातच होते की! आपण दोन्ही टाकून ‘जातो’वर भागवलं आणि खापर इंग्रजीवर.

पांघरुणांचंही तेच. वाकळ, गोधडी, दुलई, रजई, घोंगडी, पासोडी. आता ‘ब्लँकेट दे’ म्हटलं की सगळं त्यातच आलं.

नवीपेठवाला:
@वाकळ, याला म्हणतात मुद्दा. जीआय (भौगोलिक ओळखीच्या) मानांकनातसुद्धा सोलापुरी चादर ही चादर म्हणूनच आहे, ब्लँकेट म्हणून नाही.

ताणाबाणा:
दादा, मानांकन मान्य, अभिमानही आहे. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला नुसतं ‘चादर’ लिहून काय कळणार? पुण्या-मुंबईच्या हिंदीभाषक व्यापाऱ्यालाही चादर म्हणजे गादीवर अंथरायची वाटते. आपली तर पांघरायची. बेडशीट लिहिलं तर तो पातळ समजणार. क्विल्ट लिहिलं तर दोन थरांत भरण घालून टाके मारलेलं काहीतरी, आपल्या चादरीत भरण कुठे? मी ‘कॉटन ब्लँकेट, जॅकार्डवर (नक्षीच्या मागावर) विणलेलं’ असं लिहितो आणि वजन, लांबी-रुंदी जोडतो. नाव चादर राहू दे, पण खाली समजेल असं लिहायला नको?

नॅपकिनचं तर विचारूच नका. आपल्याकडे हात-तोंड पुसायचा छोटा टॉवेल तो नॅपकिन. तिकडे नॅपकिन जेवणाच्या टेबलावर. आपल्या मापाच्या टॉवेलला हँड टॉवेल म्हणावं लागतं. आणि इंग्लंडमध्ये बाळाच्या लंगोटाला नॅपी म्हणतात, तो शब्दही नॅपकिनचाच आखूड झालेला. आता यावर फोटो पाठव म्हणाल, पण बिलावर फोटो छापता येत नाही हो.

अशोकचौक:
आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी. चादरीला घरात दुप्पटी. दोन-तीन भाषांत रोज फिरतो, त्यामुळे शब्दाला शब्द बसत नाही हे लहानपणीच कळलं. एक गंमत सांगतो. आमच्याकडे नवीन पोरगा लागला, बीकॉम. ऑर्डरवर ‘ग्रे कापड’ बघून त्याने रजिस्टरला राखाडी लिहिलं आणि रंगवाल्याला फोन करून शेड विचारली. तिकडून हसण्याचा आवाज आम्हाला टेबलापर्यंत आला. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं. कोरं! इंग्रजी त्याचं पक्कं होतं, शब्दकोशात राखाडीच आहे. मग शिकवणीबाईंचं पटतं मला, शब्द कामावरच कळतो. पण नवीपेठवाल्यांचं अर्धंच पटतं. चिंधी हातात आली तरी फोनवर काहीतरी बोलावंच लागतं.

शिकवणीबाई:
ग्रे कापडाचं उद्याच वर्गात सांगणार. परवानगी आहे ना?

अशोकचौक:
पोराचं नाव सोडून काहीही सांगा.

नवीपेठवाला:
ते सगळं असू दे. ताणाबाणा, त्या मरून टॉवेलचं शेवटी काय झालं ते सांग. तिथेच सोडलंस.

ताणाबाणा:
माफी मागितली आणि सरळ विचारलं, टॉवेल फिका पडलाय की दुसऱ्या कपड्याला रंग लागलाय? त्याने दोन फोटो पाठवले. एकात उशीची पांढरी खोळ गुलाबी. दुसऱ्यात तोच टॉवेल, खिडकीत टांगून एका बाजूने विटलेला. दोन्ही झालं होतं! डाईंगवाल्यांना दाखवले तर म्हणाले, विटला त्याला मी काय करू, सुटला तेवढं माझ्यावर. पुढचा लॉट त्यांनी साबणातून दोनदा काढला, पैसे न घेता.

नवीपेठवाला:
म्हणजे शेवटी फोटोच कामाला आला.

ताणाबाणा:
काय विचारायचं ते कळल्यावर आला, दादा.

वाकळ:
डाईंगवाले कुठे बसतात ते तेवढं सांगा. माझ्या दोन ओढण्या सुटतायत. विटत नाहीत, सुटतायत.