मदत हवी आहे: ड्राय बाल्कनीतला गॅस गीझर आणि कार्बन मोनॉक्साइड

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आईबाबांचा जुना फ्लॅट आहे. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी आणि तिथेच गॅस गीझर. धूळ, डास नकोत म्हणून बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या बसवल्यात, त्या थंडीत उघडतच नाहीत. सकाळी गीझर चालू, त्याच वेळी शेगडीवर कुकर आणि तवा. हल्ली नेमकं तेव्हाच आईचं डोकं चढतं, मळमळतं. खाली चक्कर मारून आली की बरं वाटतं. बाबा म्हणतात पित्त. मला पटत नाही, कारण मोठा बर्नर निळ्याऐवजी पिवळा जळतोय आणि पातेल्यांची बुडं काळी होतायत, म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होत असणार.

बाबांनी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन 98 टक्के दाखवला. पण यात ऑक्सिमीटर फसतो हो! कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो आणि त्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. गॅस गळला तर निदान वास येतो, याला तोही नाही.

गीझर तूर्त बंद केलाय, खिडक्या सताड उघड्या. आईला आत्ताच दवाखान्यात नेतोय. रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासता येतं, पण मोकळ्या हवेत ते 4 ते 6 तासांत निम्म्यावर येतं, म्हणून घाई.

आता विचारायचंय ते असं. तपकीर गल्लीत (इथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) डिटेक्टर मागितला की गॅस गळतीचाच पुढे करतात. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. मला ईएन 50291 या कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरच्या युरोपीय मानकाचा हवाय, जो 300 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग) 3 मिनिटांच्या आत वाजतो. पुण्यात कुणी घेतलाय का? कुठे मिळाला? दुकानदार म्हणाला जमिनीलगत लावा. ते एलपीजीसाठी ठीक, तो हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, सगळीकडे मिसळतो. तुम्ही किती उंचीवर लावलात, शेगडीपासून किती लांब?

दुसरं, बर्नर आणि जेट साफ करून ज्योत नीट लावून देणारा खात्रीचा माणूस कोथरूड-कर्वेनगर भागात आहे का? आणि गीझरचा धूर थेट बाहेर सोडणारा पाइप काचेतून काढता येतो का? माझं मत गीझर काढूनच टाकावा असं आहे, पण बाबा म्हणतात, "इतकी वर्षं काही झालं का?" ज्यांच्या घरी असा गीझर होता आणि काढला, त्यांनी कृपया अनुभव लिहा. बाबांना वाचून दाखवणार आहे.