'ऑनलाइन या, नाहीतर संपाल' असं कोकणातल्या घरवाल्यांना सांगणाऱ्यांसाठी

देवबागकर
एका पर्यटन सल्लागारांचा लेख सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. म्हणणं असं, की कोकणातल्या न्याहारी-निवासवाल्यांनी बुकिंगच्या अ‍ॅपवर यावं, रेटिंग सांभाळावं, नाहीतर कुलूप लागेल. फोनवर ओळख सांगून खोली घ्यायची पद्धत त्यांना मागासलेली वाटते. मला तो इतक्या जणांनी पाठवला की आता उत्तर लिहायलाच बसलो.

मी अ‍ॅपवर आहे, ऐकीव बोलत नाही. २,५०० रुपयांची खोली गेली की २० टक्के कमिशन म्हणजे ५०० रुपये, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ९०. हातात १,९१०. त्यातून लाईटबिल, धुलाई, कामाला येणाऱ्या बायकांचा पगार. सेल अ‍ॅपने लावायचा आणि सूट आमच्या खिशातून जायची, हे वेगळंच.

पण पैशापेक्षा मोठं दुखणं हे, की पाहुणा आमचा राहत नाही. आमच्या वहीत नाव, गाव, फोन असायचा. ठाण्याचं एखादं कुटुंब येऊन गेलं की पुढच्या मे महिन्यात त्यांची मेहुणी यायची, मग तिच्या ऑफिसातली मंडळी. आता बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा नंबर दिसत नाही, चॅटमध्ये आपला टाकला तर फुल्या पडतात. तोच माणूस पुढच्या वर्षी अ‍ॅप उघडतो तेव्हा त्याला वरती दिसतं ते जाहिरातीचे पैसे भरणाऱ्याचं घर. माझ्या आईने त्याला वाढलेलं जेवण कुठेच नोंदलेलं नसतं.

आणि रेटिंग! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसाळ्यात स्कूबाही बंद. जुलैत येऊन 'ताजी सुरमई मिळाली नाही, स्कूबा नव्हतं' म्हणून एक तारा. समुद्र मी बंद केला का?

सह्याद्री_सोलो
साफ असहमत. तुमच्या त्या 'ओळखी'ची दुसरी बाजू ऐका. मी एकटी फिरते. फोनवर पहिला प्रश्न 'बरोबर कोण?' आणि दुसरा 'आडनाव काय?' 'एकटीच आहे' म्हटल्यावर मघाशी रिकामी असलेली खोली अचानक भरलेली असते. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे सोसलंय. अ‍ॅपवर आधी राहून गेलेल्या बायकांनी लिहिलेलं वाचता येतं, बाथरूमला कडी आहे का हे फोटोत दिसतं, पैसे आधी भरलेले असतात, त्यामुळे दारात उभं राहून कोणाची परवानगी मागावी लागत नाही. तुमची वही तुमच्या ओळखीच्या ठाणेकरांसाठी छान होती. ज्यांचं नाव त्या वहीत कधीच आलं नसतं, त्यांचं काय?

देवबागकर
ताई, आमच्याकडे एकट्या मुली राहून गेल्यात, आणि आईने त्यांना रात्री बसस्टँडवरून आणवलंय. सगळ्या कोकणाला एका दोरीला बांधू नका.

सह्याद्री_सोलो
आडनावाबद्दल एक शब्दही बोलला नाहीत.

चाकरमानी_डोंबिवली
अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. खोली अ‍ॅपवर घ्यायची का वहीत, हा प्रश्न तिथे पोचल्यावरचा. पोचायचं कसं? गणपतीचं रेल्वे आरक्षण सकाळी ८ वाजता उघडतं आणि मी ओटीपी टाकेपर्यंत वेटिंग लिस्ट लागलेली असते. वडील रात्रभर खिडकीवर रांग लावायचे. पाय दुखायचे, पण आपला नंबर कितवा हे समोर दिसायचं. आता चाक फिरत राहतं. डिजिटलने गाव जवळ आलं म्हणणाऱ्याने एकदा गणपतीत कुडाळचं तिकीट काढून दाखवावं.

एक्सेल_काका
अहो, रांगेत तरी काय होत होतं? दलालांची माणसं आदल्या संध्याकाळपासून बसायची. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आणलं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार लागतं, पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी. थोडा तरी फरक पडलाय.

चाकरमानी_डोंबिवली
तुम्हाला पडला असेल. माझे काका ७४ वर्षांचे, त्यांचं आधार ज्या नंबराला जोडलंय तो केव्हाच बंद झालाय. त्यांनी सणाला गावी जायचं नाही का? माणूस आपल्याच घरी जातोय, पर्यटक नाही तो!

मालवणी_माणूस
तिकीट खिडकीर काढा नायतर मोबाइलार, गाडयो तेवढ्योच. रोहा ते वीर सोडल्यास कोकण रेल्वेचो बाकी मार्ग बहुतेक एकेरीच आसा. डब्यात जागा नाय तर सॉफ्टवेअर काय करतला? आणि महामार्गाचा नाव काढू नका, माझा डोक्या फिरता.

चाकरमानी_डोंबिवली
काढणारच. २०११ पासून तो रस्ता होतोय. नकाशावर हिरवी रेघ बघून माणगावात शिरलो आणि मुलांना बिस्किटांवर ठेवून तिथेच अडकलो. चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला म्हणून पेढे वाटले, आमच्यासारख्याला त्याचा काय उपयोग?

सह्याद्री_सोलो
धागा रेल्वेचा नाही! प्रत्येक चर्चेत चाकरमानी मंडळी गणपतीचं तिकीट घेऊन बसतात.

चाकरमानी_डोंबिवली
कारण ते मिळत नाही म्हणून. तुम्ही हवं तेव्हा सुट्टी टाकून निघता, आम्हाला चतुर्थीलाच पोचावं लागतं. आमचं दुखणं अवांतर आणि तुमचं मात्र चर्चा?

एक्सेल_काका
दोघांनीही जरा दमाने घ्या. देवबागकर, अ‍ॅपवाल्यांची दादागिरी तुमच्यापुरती नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला. आमच्यापेक्षा कमी दरात खोली दुसरीकडे द्यायची नाही, अशी अट मेकमायट्रिप-गोआयबिबो हॉटेलांवर घालत होते, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. पण अ‍ॅपमुळे मधल्या वारी खोल्या भरतात की नाही, तेही सांगा. मंगळवारी देवबागला ओळखीचं कोण येत होतं?

देवबागकर
भरतात. नाही कशाला म्हणू? बंगळुरू-हैदराबादची मुलं लॅपटॉप घेऊन येतात, चार-चार दिवस राहतात. ती वहीतून आली नसती.

पण हेही ऐका. मी दोन अ‍ॅपवर आहे. एकीकडे खोली गेली की दुसरीकडे ती तारीख हाताने बंद करावी लागते. आमच्याकडे वादळी वाऱ्यात लाईट गेली की मागोमाग रेंज जाते. तेवढ्यात दुसऱ्या अ‍ॅपवर तीच खोली विकली जाते. रात्री अकराला दोन कुटुंबं ओटीवर उभी, लहान मूल झोपेला आलेलं, आणि दोघांच्याही मोबाइलवर 'कन्फर्म्ड'. आम्ही आमची माजघरातली खोली रिकामी करून दिली, सकाळी आंबोळ्या घातल्या. तरी रेटिंग पडलं, आणि ते पडलं की यादीत घर खाली जातं. हेल्पलाइनवरचा मुलगा दरवेळी वेगळा, त्याला देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली जमिनीची पट्टी आहे हे कसं समजावू?

मालवणी_माणूस
ह्या मात्र खरा. तारकर्लीतही तसाच होता.

सह्याद्री_सोलो
कमिशनचा हिशेब मान्य, लाईटचंही मान्य. पण अ‍ॅप वाईट म्हणून जुनी पद्धत चांगली, हे सिद्ध होत नाही. पुन्हा विचारते, फोनवर आडनाव विचारता की नाही?

देवबागकर
आई विचारते. माझे तिच्याशी त्यावरून खटके उडतात. तुमचा मुद्दा मी खोडत नाही, आमच्या पट्ट्यात हे चालतं आणि ते बंद व्हायला हवं. पण ते बंद करायला प्रत्येक खोलीमागे ५९० रुपये बाहेरगावच्या कंपनीला का द्यायचे? सह्याद्रीताई, ज्या घरात तुमची सोय नीट झाली, तिथे पुढच्या वेळी सरळ फोन करा. तेवढं तरी कराल?

सह्याद्री_सोलो
ज्यांनी आडनाव विचारलं नाही त्यांना करीन. तशी घरं किती भरतात, तुम्हीच मोजा.